पार्क स्ट्रीटच्या पलीकडचे कोलकाता : वाचकांचे प्रश्न

हिवाळ्याच्या सुटीचे बेत ठरू लागले की या सदराच्या टपालात एखाद्या शहराची लाट येते. यंदा ती कोलकात्याची आहे. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे, तो म्हणजे व्हिक्टोरिया मेमोरियल आणि पार्क स्ट्रीट यांच्या पलीकडे काय पाहावे आणि काय खावे. त्यांतील सात पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरे देताना त्या शहरातील माझ्या काही वर्षांच्या वास्तव्याचा आधार घेतला आहे.

प्रश्न : डिसेंबरच्या मध्यास आम्ही पाच जण चार दिवसांसाठी कोलकात्यास जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आहेत. प्रवास कंपनीच्या कार्यक्रमात व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, न्यू मार्केट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि पार्क स्ट्रीटवर एक जेवण एवढेच आहे. आपले आपण गेलो, तर तेथील माणसे जेथे राहतात तो भाग कसा पाहावा? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आधी घड्याळाचा विचार करावा आणि मग नकाशाचा. कोलकाता मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेपंधरा अंशांवर आहे, घड्याळ मात्र दोन्ही शहरांचे एकच, त्यामुळे तेथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ एक तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यास पाच वाजायच्या आतच सूर्यास्त होतो. आंघोळी, नाश्ता आणि आवराआवर करून साडेदहाला बाहेर पडण्याची आपली सुटीतली सवय तेथे नेली, तर अर्धा दिवस हॉटेलातच संपतो आणि मग वाटते की या शहरात पाहण्यासारखे फारसे काही नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल दुपारी बारालाही तसेच उभे असते. वस्तीतल्या गोष्टींची मात्र प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. कचुरी सकाळी मिळते, माशाचे जेवण एक वाजता, तेलेभाजा, म्हणजे तळलेली भजी, दिवेलागणीला, आणि मधल्या वेळेत उत्तरेकडच्या गल्ल्यांतील बरीच दुकाने फळी लावून घेतात. दुपारच्या या झोपेला तेथे ‘भातघूम’ असा खास शब्द आहे. पुणेकरांना यात नवल वाटू नये.

सुरुवात उत्तर कोलकात्यातून करावी. भूमिगत मेट्रोने श्यामबाजारला उतरावे. ही भारतातली पहिली मेट्रो असून ती १९८४ साली सुरू झाली. पाच रस्त्यांच्या त्या चौकात घोड्यावर बसलेल्या नेताजींचा पुतळा आहे, तो खूण म्हणून लक्षात ठेवावा आणि बागबाजार स्ट्रीट धरून नदीच्या दिशेने चालू लागावे. हा टप्पा दीड किलोमीटरहूनही कमी आहे. वाटेत गिरीश अ‍ॅव्हेन्यूवर नाटककार गिरीशचंद्र घोष यांचे घर चक्क रस्त्याच्या मधोमध उभे आहे. रस्ता काढताना ते न पाडता वाहतूक दोन्ही बाजूंनी वळवली गेली. त्याच परिसरात रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवींचे अखेरच्या वर्षांतील निवासस्थान आहे, ज्याला तेथे ‘मायेर बाडी’ म्हणतात, आणि बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदितांचे घर आहे, जेथे त्यांनी १८९८ साली मुलींची शाळा सुरू केली. ‘पाडा’ हा शब्द ठाणे-पालघरच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. बंगालीत मात्र त्याचा अर्थ आपल्या पेठेच्या किंवा आळीच्या जवळ जातो, आणि पाड्यातील माणूस आपल्या पाड्याविषयी सदाशिव पेठेइतक्याच अभिमानाने बोलतो.

बागबाजारच्या घाटावरून दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर कुमारटुली लागते. दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्या कुंभारांची ही वस्ती. कोलकात्याच्या दुर्गापूजेची नोंद २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत झाली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, परंतु ती मुख्यतः शरद ऋतूत असते. डिसेंबरात आपल्याला तेथे दुर्गा दिसणार नाहीत, सरस्वती दिसतील, कारण वसंत पंचमीला घरोघरी आणि शाळाशाळांतून सरस्वतीची पूजा होते आणि तिच्या मूर्तींचे काम याच सुमारास सुरू होते. पेणचे कारखाने पाहिलेल्या माणसाला येथे विशेष गंमत वाटेल. साच्यातून अख्खी मूर्ती निघत नाही. बांबूच्या आधारावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून आधी शरीर बांधतात, आणि ते नुसते पेंढ्याचे असतानाच त्याला कमरेचा बाक, मानेचा कल, पुढे टाकलेले पाऊल हे सर्व आलेले असते. त्यावर आधी चिकट मातीचा थर, तो वाळून तडकला की बारीक, रेताड मातीचा दुसरा थर. चेहरा तेवढा छापाचा असतो आणि बोटे वेगळी वळून नंतर जोडली जातात. एका अंधाऱ्या खोलीत फळीवर ओल्या मातीची वीस-पंचवीस मस्तके डोळ्यांवाचून वाळत ठेवलेली आणि पलीकडे त्यांची बिनडोक्याची शरीरे भिंतीला टेकवलेली, हे दृश्य लहान मुलांना थोडे भीतिदायक वाटू शकते, म्हणून आधी कल्पना देऊन ठेवावी.

कुमारटुलीहून शोभाबाजार मेट्रो पायी अगदी जवळ आहे. सासू-सासरे येथून परतू शकतील. ज्यांचे पाय अजून चालत असतील त्यांनी हेदुआच्या दिशेने जाऊन गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांच्या जुन्या दुकानात संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, घ्यावा. दुकानाला जाळी आहे. आपण बाहेर फुटपाथवर उभे राहायचे, जाळीतून बोट दाखवायचे आणि कागदाच्या किंवा पानाच्या तुकड्यावर मिळालेला संदेश तेथेच संपवायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ‘नोलेन गुडा’चा काळ, म्हणजे खजुरीच्या ताज्या रसापासून केलेल्या गुळाचा. त्याचा वास किंचित धुरकट असतो. आपल्याकडे बंगाली मिठाई या नावाने जे विकले जाते त्याच्याशी या संदेशाचा संबंध फार दूरचा आहे, हे पहिल्याच घासाला कळते. ‘नरम पाक’ मागितला तर मऊ, ओलसर संदेश येतो आणि ‘कडा पाक’ म्हटले तर घट्ट. प्रवासात न्यायचा असल्यास कडा पाक घ्यावा. रसगुल्ला मात्र बागबाजारातच चाखून घेतलेला बरा, कारण त्याचे श्रेय कोलकात्यात नवीनचंद्र दास या तेथल्याच हलवायाला आणि १८६८ या सालाला दिले जाते. ओडिशाचा दावा वेगळा आहे आणि भौगोलिक मानांकन दोघांनाही मिळाले आहे, त्यामुळे या वादात पाहुण्यांनी न पडता खात राहावे.

दुसऱ्या दिवशी, तो सोमवार नसल्यास, गिरीश पार्क मेट्रोजवळचे जोडासांको येथील ठाकुरबाडी पाहावी. रवींद्रनाथांचा जन्म तेथे १८६१ साली झाला आणि मृत्यूही तेथेच १९४१ साली. मराठी वाचकांसाठी यात एक धागा आहे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे भारतीयांतील पहिले आय.सी.एस. अधिकारी होते आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले, आणि त्यांची कन्या अन्नपूर्णा तर्खड यांनी त्यांना इंग्रजी रीतिरिवाज शिकवले. बाकी दक्षिणेश्वर आणि बेलूर आपल्या यादीत आहेतच. ते गाळा असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या घरी मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत. आईला एकादशीचा उपासही असतो. कोलकात्यात आमचे हाल होतील असे सर्वजण सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हाल होण्याचे कारण नाही, पण शब्दांकडे लक्ष हवे. बंगाली स्वयंपाकात शाकाहाराची फार मोठी परंपरा आहे आणि तिच्यामागे एक कठोर इतिहासही आहे. विधवांना मासे, मांस, कांदा, लसूण, इतकेच काय मसुराची डाळही वर्ज्य असे, आणि त्या बंधनातून केळफूल, केळीचा गाभा, भोपळ्याची साले, खसखस अशा वस्तूंपासून एक वेगळे पाकशास्त्र त्यांच्याच हातांनी उभे राहिले. मोचार घंट म्हणजे केळफुलाची भाजी, आलू पोस्तो म्हणजे वाटलेल्या खसखशीतला बटाटा, धोकार डालना म्हणजे डाळीच्या तळलेल्या वड्यांची रस्सेदार भाजी, छानार डालना म्हणजे ताज्या छेन्याची. कोकणातून आलेल्या माणसाला केळफूल ओळखीचे वाटेल, सोलापूरकरांना कदाचित नाही, तरी अवश्य घ्यावे.

आता शब्दांचा सापळा. ‘निरामिष’ म्हणजे शाकाहारी, हे शब्दकोशाप्रमाणे बरोबर आहे आणि बहुतेक ठिकाणी तसेच समजले जाते. पण ‘निरामिष मांगशो’ नावाचा पदार्थही बंगालमध्ये आहे, तो कालीपूजेच्या प्रसादाचा, आणि त्यात बोकडाचे मटण असते. कांदा-लसूण नसल्यामुळे ते निरामिष! म्हणून केवळ एका शब्दावर न विसंबता ‘माछ, मांगशो, डिम (म्हणजे मासे, मांस, अंडी), काही नको’ असे प्रत्येक वस्तूचे नाव घेऊन सांगावे. डाळीच्या बाबतीत हे विशेष करून विचारावे, कारण माशाचे डोके घालून शिजवलेली मुगाची डाळ तेथे सणासुदीची आवडती डाळ आहे आणि वरून पाहता ती साध्या डाळीसारखीच दिसते. संध्याकाळच्या भज्यांच्या दुकानात ‘मोचार चॉप’ म्हणजे केळफुलाचा आणि ‘माछेर चॉप’ म्हणजे माशाचा. गर्दीत दोन्ही नावे सारखीच ऐकू येतात. बीट आणि शेंगदाणे घातलेला ‘व्हेजिटेबल चॉप’ सुरक्षित आहे, मात्र कढई सर्वांना एकच असू शकते, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांनी फक्त बेगुनी (वांग्याची भजी) आणि आलूर चॉप (बटाट्याचा) तळणारे दुकान शोधावे. तशी दुकाने उत्तर कोलकात्यात आहेत.

सकाळ आपल्यासाठी सर्वांत सोपी आहे. मिठाईच्या दुकानांतून सकाळी कचुरी आणि बटाट्याची भाजी किंवा लुची आणि छोलार डाळ मिळते. लुची म्हणजे मैद्याची पांढरीशुभ्र पुरी, आणि छोलार डाळ म्हणजे खोबऱ्याचे तुकडे घातलेली, किंचित गोड हरभऱ्याची डाळ. कॉलेज स्ट्रीट परिसरातील पुटीराम हे त्यासाठी जुने, साधे ठिकाण आहे. नऊनंतर जाऊन उपयोग नाही असे मी म्हणत नाही, पण कढईतून थेट ताटात येण्याची वेळ आठच्या आसपासची.

उपासाच्या दिवशी मात्र साबुदाण्याच्या खिचडीची अपेक्षा ठेवू नये. तेथे साबुदाणा भिजवून दूध, केळे किंवा फळांबरोबर खातात, आणि तोही घरी. फळे, शहाळे आणि दही मुबलक आहे. संदेशात पीठ नसते, छेना आणि साखर किंवा गूळ इतकेच असते, पण नासवलेल्या दुधाचा पदार्थ उपासाला चालतो की नाही हा प्रत्येक घरचा प्रश्न आहे आणि त्यात मी बोलणे योग्य नव्हे.

प्रश्न : आम्ही पट्टीचे मासेखाऊ आहोत, पण समुद्राचे. नदीच्या माशांना चव नसते असा आमच्याकडे समज आहे. चांगले मासे कोठे आणि कसे मागावेत? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आपल्याला एका ओळखीच्या माशापासून सुरुवात करता येईल. ज्याला बंगालमध्ये ‘भेटकी’ म्हणतात तो आपला जिताडाच आहे. अलिबागकडे जावयासाठी जे कालवण केले जाते त्याची तेथे अपेक्षा करू नये, पण केळीच्या पानात मोहरीच्या वाटणासह गुंडाळून केलेली भेटकी पातुरी आपल्याला आवडेल. ‘लोटे’ म्हणजे बोंबील, तोही ओळखीचा. ‘इलिश’ म्हणजे आपल्याकडचा पाला. त्याचा खरा मोसम पावसाळा आहे, म्हणून हिवाळ्यात ताटात आलेला इलिश बहुधा साठवणीतला असतो आणि त्यावरून त्याची परीक्षा करू नये. त्याचे काटे केसासारखे बारीक आणि दुहेरी असतात. बंगाली माणूस बोलता बोलता जिभेने ते वेगळे करतो. आपण बोटांनी करावे आणि घाई करू नये.

जेवणाचे ठिकाण म्हणून ‘पाइस हॉटेल’ निवडावे. एक पैशाचे, म्हणजे रुपयाच्या चौसष्टाव्या भागाचे, ‘पाइस’ हे नाणे चालत असे त्या काळापासूनचे हे नाव. परगावाहून नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या एकट्या पुरुषांच्या खाणावळी असे त्यांचे मूळ रूप आहे, गिरगावातल्या जुन्या खाणावळींच्या जवळचे. कैलाश बोस स्ट्रीटवरील जगन्माता भोजनालय, कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमधील स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, एस्प्लनेडच्या बाजूचा सिद्धेश्वरी आश्रम आणि दक्षिणेस रासबिहारीजवळचे तरुण निकेतन ही त्यांतली नावाजलेली. टेबल दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावे लागते. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे मासे लिहिलेले असतात, पण फळा बंगालीत असतो, आणि वाढपी तोच फळा एका दमात तोंडाने म्हणून दाखवतो, तोही बंगालीत. रुई, कातला, पाबदा, पार्शे, टँगरा, चिंगडी एवढी सहा नावे आधी पाठ केली असतील तर काम भागते. पाबद्याला काटे कमी असतात, म्हणून नवख्याने तो घ्यावा. हिशेबाची पद्धत पाहण्याजोगी आहे. भात, डाळ, भाजी, मासा यांचे पैसे वेगवेगळे, आणि केळीचे पान घेतले तर पानाचे वेगळे, लिंबाची फोड घेतली तर तिचेही वेगळे. शेवटी वाढपी आपल्या टेबलाकडे मान वळवून गल्ल्यावरच्या माणसाला सर्व वस्तू मोठ्याने ऐकवतो आणि आपण हात धुऊन येईपर्यंत आकडा तयार असतो. त्यात चूक झालेली मी पाहिलेली नाही.

क्रम पाळावा. आपल्याकडे ताटात सगळे एकदम वाढतात. तेथे भाताबरोबर एकेक पदार्थ संपवत पुढे जातात. आधी शुक्तो, म्हणजे कारले, शेवगा, कच्चे केळे, वांगे यांची कडसर, दुधाचा हात लागलेली भाजी. मग डाळ आणि तळण, मग मासा, असलेच तर मटण, आणि शेवटी गोड चटणी. शुक्तो फक्त दुपारीच मिळते. माझ्या पहिल्या खेपेस मी तीन वाजता एका पाइस हॉटेलात शिरलो, तेव्हा टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवून फरशी धुतली जात होती, आणि मला केवळ सहानुभूती वाढण्यात आली. साडेबारा ते दीड ही योग्य वेळ.

नदीच्या माशांना चव नसते या समजाविषयी एवढेच म्हणेन की आपल्या कोकमाच्या, खोबऱ्याच्या मापाने ती मोजू नये. तेथे मोहरीचे तेल आहे, मोहरीचे वाटण आहे, ते नाकात चढते, आणि मासा त्या तिखटपणापुढे मुद्दामच सौम्य ठेवलेला असतो.

प्रश्न : कुमारटुलीत छायाचित्रे काढू देतात का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : रस्त्यावरून सहसा हरकत नसते. कार्यशाळेच्या आत मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि कारागीर नको म्हणाला तर वाद घालू नये. कोणी थोडे शुल्क मागितल्यास द्यावे, कारण दिवसभरात पन्नास कॅमेरे वाट अडवून उभे राहतात आणि त्याची माती तोवर वाळत असते.

प्रश्न : कोलकात्यात ‘मराठा डिच’ नावाची जागा आहे असे ऐकले. ती पाहता येते का? माझ्या मुलाला त्याच्या बंगाली मित्राने सांगितले की त्यांच्याकडे मराठ्यांच्या नावाने बाळांना भीती घालून झोपवतात. आम्ही नागपूरचे, त्यामुळे थोडे अवघडल्यासारखे झाले. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मित्राने खरे तेच सांगितले, आणि नागपूरकर म्हणून आपला संबंध अगदी थेट आहे. रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४२ साली बंगालमध्ये शिरले. पुढील काही वर्षे झालेल्या स्वाऱ्यांत तेथील गावे लुटली आणि जाळली गेली, आणि त्याची आठवण अंगाई गीतात राहिली. गीतात शब्द आहे ‘बर्गी’. तो आपल्या ‘बारगीर’ या शब्दावरून आला. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा फरक आपल्याला शाळेत शिकवतात. बंगालमध्ये मात्र ‘बर्गी’ म्हणजे सरसकट लुटारू.

त्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ सालीच शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कोलकात्यावर कधीच चालून आले नाहीत, खंदक अर्धवट राहिला, आणि १७५६ साली सिराजउद्दौल्याने शहर घेतले तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. भास्करपंत १७४४ साली नवाब अलिवर्दी खानाच्या छावणीत बोलणीसाठी गेले असता मारले गेले, आणि १७५१ च्या तहाने हा संघर्ष थांबला. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला, ज्याची आजची नावे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड अशी आहेत. म्हणजे आपण श्यामबाजारहून त्या रस्त्याने बसमधून गेलात, तर आपल्या पूर्वजांच्या भीतीवरूनच जात असता. पाहण्यासारखे उरले आहे ते फक्त बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ हे गल्लीचे नाव. पाटीपुढे उभे राहून छायाचित्र काढणारे मराठी प्रवासी मी पाहिले आहेत. त्या गल्लीतील लोकांना आता याची सवय झाली आहे.

मुलाला दुसरी बाजूही सांगावी. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घराण्यातले गृहस्थ बंगालीतले नामवंत लेखक झाले, त्यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सवाचा पुरस्कार केला, आणि त्याच संदर्भात रवींद्रनाथांनी १९०४ साली शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. अवघडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही, पण टाळावे असेही त्यात काही नाही. लुटले गेलेल्यांची आठवणही इतिहासच असते, आणि तो आपल्याकडे शिकवला जात नाही.

प्रश्न : रविवारी पहाटे कोलकात्यात चिनी नाश्ता मिळतो म्हणतात. त्यासाठी एवढ्या लवकर उठणे योग्य आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नुसत्या नाश्त्यासाठी नाही, पण त्याला जोडून पुढची सकाळ मिळते म्हणून होय. ही जागा टिरेटा बाजार, लालबाजार पोलीस मुख्यालयाच्या मागील बाजूस, पोद्दार कोर्टाजवळ. सहा ते साडेसातच्या दरम्यान पोहोचावे. आठनंतर तेथे भाजीवाल्यांखेरीज फारसे कोणी नसते. वाफवलेले पाव, मोमो, माशांच्या गोळ्यांचे सूप आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ असतात, त्यामुळे जे खात नाहीत त्यांनी विचारून घ्यावे. चिनी विक्रेते आता थोडेच राहिले आहेत. १९६२ च्या युद्धानंतर या समाजातील अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले, आणि पुढे बरीच कुटुंबे कॅनडा वगैरे देशांत निघून गेली. म्हणजे आपण जे खाता ते एका मोठ्या वस्तीचे उरलेले टोक आहे. बाजाराभोवतीच्या गल्ल्यांत त्यांची जुनी देवळे अजून आहेत आणि सकाळी बहुधा उघडी असतात.

तेथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात १७२४ साली बांधलेले आर्मेनियन चर्च, १८५६ चे बेथ एल आणि १८८४ चे मागेन डेव्हिड ही दोन सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, आणि नाखुदा मशीद, इतक्या वास्तू येतात. सिनेगॉगमध्ये ओळखपत्र मागतात आणि शनिवारी जाऊ नये. येथले ज्यू हे बगदादी ज्यू, म्हणजे पुण्याचे लाल देऊळ बांधणाऱ्या डेव्हिड ससूनच्याच समाजातले. त्यांची संख्या आता हाताच्या बोटांवर आली आहे, आणि या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबे करीत आली आहेत. मागेन डेव्हिडमध्ये रंगीत काचांतून सकाळचे ऊन फरशीवर पडते, ते पाहायला रविवारचे लवकर उठणे उपयोगी पडते. एक सूचना : याच रविवारी कॉलेज स्ट्रीटची पुस्तके पाहू असा बेत करू नये, त्या दिवशी दुकाने बंद असतात. तो भाग आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी ठेवावा. दुपारी पुस्तके चाळावीत, मग आल्बर्ट हॉलमधल्या कॉफी हाउसात वरच्या सज्जात बसून ‘इन्फ्युजन’, म्हणजे बिनदुधाची कॉफी, मागावी, आणि जवळच पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचे सरबत प्यावे. कॉफी सामान्य असते. वाद ऐकण्यासारखे असतात.

प्रश्न : ट्राममध्ये बसायचे आहे. शिवाय रस्त्यावरचे पुचके खाऊन पोट बिघडेल अशी घरच्यांना भीती आहे. मार्गदर्शन करावे. (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : ट्राम १८७३ साली घोड्यांनी ओढली जात होती आणि १९०२ पासून विजेवर धावू लागली, पण आता तिचे मार्ग फार थोडे उरले आहेत. एस्प्लनेडला उभी दिसली तर चढावे, तिच्या भरवशावर दिवसाचा कार्यक्रम मात्र आखू नये. त्याऐवजी नदीवरच्या फेरी बोटी वापराव्यात. त्या रोज कामावर जाणाऱ्यांच्या आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांत पर्यटक क्वचितच दिसतात. हावड्याहून परत एस्प्लनेडला यायचे असल्यास २०२४ पासून नदीखालून धावणारी मेट्रोही आहे.

पुचक्यात आपल्या पाणीपुरीतले रगडा किंवा मूग नसतात. कुस्करलेला बटाटा, चणे, तिखट आणि चिंचेचे पाणी असते, आणि चांगला पुचकेवाला त्यात गंधराज लिंबू पिळतो. विक्रेता आपल्यासमोर सारण कालवतो, म्हणून कालवलेले तयार ठेवणाऱ्याकडे न जाता, जेथे चार-पाच माणसे हातात पानाचा द्रोण घेऊन उभी आहेत तेथे जावे. पोट नाजूक असेल तर चिंचेचे पाणी न घेता ‘शुकनो’, म्हणजे कोरडा पुचका मागावा. ज्यांना तेवढेही धाडस नको त्यांनी कामाच्या दिवशी दुपारी एस्प्लनेडजवळच्या डेकर्स लेनमध्ये जावे. तेथे कचेऱ्यांतील माणसे उभ्याने पातळ, जवळजवळ बिनमसाल्याचा चिकन स्टू आणि लोणी लावलेला टोस्ट खातात. पपई आणि गाजर घातलेला तो स्टू आजाऱ्यालाही पचेल.

बोटीचा बेत असा करावा : शोभाबाजारच्या घाटावर साडेचारच्या सुमारास पोहोचावे, मातीच्या ‘भाँडा’त चहा घ्यावा आणि हावड्याची बोट धरावी. ती १९४३ साली खुल्या झालेल्या हावडा पुलाच्या बरोबर खालून जाते, आणि डिसेंबरात नेमके त्याच वेळी पुलामागे ऊन उतरलेले असते.